क्षाराचं नाव, क्षाराचं आडनाव

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी विज्ञानाचा पेपर घेऊन आली आणि काही न बोलता तो माझ्यासमोर ठेवून उभी राहिली. दहावीत आहे, हिंदी माध्यमात. संध्याकाळी माझ्याकडे गणित-विज्ञानाला येते. फी वगैरे काही नाही, तिची आई अधूनमधून डब्यातून शेवया पाठवते तेवढंच. पेपरात वीसपैकी अकरा. तीन ठिकाणी लाल शाईची फुली आणि तिन्ही ठिकाणी शब्द एकच: क्षार.

"आंटी, आपने ही तो बताया था," ती म्हणाली.

आणि बाई, बतायाच होता मी! प्रश्न होता, सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची अभिक्रिया झाल्यावर पाण्याबरोबर जो पदार्थ तयार होतो त्याला काय म्हणतात? तिने लिहिलं, क्षार. मी महाराष्ट्रात शिकले. आमच्या पुस्तकात ओळ होती: आम्ल अधिक आम्लारी, बरोबर क्षार अधिक पाणी. ती ओळ माझ्या जिभेवर इतकी बसलीय की निशातगंजमध्ये इतकी वर्षं काढूनही ती हिंदीत शिकवताना जशीच्या तशी बाहेर पडली. पण तिच्या पुस्तकात धड्याचं नाव आहे 'अम्ल, क्षारक एवं लवण'. तिथे क्षारक म्हणजे आपली आम्लारी. पाण्यात विरघळणारा क्षारक म्हणजे क्षार. आणि आपण ज्याला क्षार म्हणतो, ते त्यांचं लवण. म्हणजे तिने उत्तरात जो शब्द लिहिला, तो तिच्या मास्तरांच्या दृष्टीने भांड्यात आधीच घातलेला पदार्थ होता. फुली बरोबरच आहे. चूक माझी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांनी हे लक्षात ठेवलं तर बरं. पुण्याची मावशी व्हिडिओ कॉलवरून भोपाळच्या भाच्याला रसायनशास्त्र शिकवते, आणि दोघं एकाच शब्दाने अगदी उलट गोष्टी बोलत असतात.

तसं पाहिलं तर हिंदीवाल्यांचा अर्थ जुना आहे. आयुर्वेदात वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून जे काढतात ते क्षार. यवक्षार, सज्जीक्षार. चवीला तिखटसर, हाताला बुळबुळीत, म्हणजे आम्लारीच्या जातीचे. आणि आपल्या मराठी स्वयंपाकघरानेही तो अर्थ सोडलेला नाही. पापडखार आठवा. त्यातला 'खार' हा क्षारच आहे आणि तो आम्लारीधर्मी असतो. हळदीच्या पाण्यात चिमूटभर टाकून बघा, पाणी लाल होतं. पण खारे दाणे म्हटलं की मीठ. खारं पाणी म्हटलं की समुद्र. एकाच शब्दाने आपण दोन्ही कामं चालवतो आणि कुणाचं अडत नाही. अडतं ते फक्त परीक्षेत.

तर प्रायश्चित्त म्हणून मी तिला दोन संध्याकाळी फक्त एवढीच एक गोष्ट शिकवायचं ठरवलं. आम्ल आणि आम्लारी दिली, तर तयार होणारं लवण (आता मी लवणच म्हणते तिच्यापुढे) ओळखायचं कसं. तुमच्यासाठी मात्र क्षारच लिहिते.

मी तिला लग्नाचं उदाहरण दिलं. क्षाराला नाव असतं आणि आडनाव असतं. नाव येतं आम्लारीकडून, आडनाव आम्लाकडून. सोडियम हायड्रॉक्साइडने दिलं 'सोडियम', हायड्रोक्लोरिक आम्लाने दिलं 'क्लोराइड'. सोडियम क्लोराइड, म्हणजे रोजचं मीठ. आम्लारी पोटॅशियमची आणि आम्ल नायट्रिक, तर पोटॅशियम नायट्रेट. हा तर सोरा, तोफांच्या दारूतला. गंगेच्या मैदानातल्या, विशेषतः बिहारच्या मातीतून तो काढून इंग्रज आणि डच जहाजं भरभरून नेत. तांब्याच्या ऑक्साइडवर सल्फ्युरिक आम्ल, तर कॉपर सल्फेट, म्हणजे आपला निळा मोरचूद. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यापासून अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो आणि पांढरा धूर निघतो तो. (या शेवटच्या लग्नात पाणी तयार होत नाही बरं का. अमोनियाकडे द्यायला हायड्रॉक्साइडच नसतं, तो आम्लाचा हायड्रोजन सरळ पोटात घेतो. मुलीने हे स्वतः विचारलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.)

आडनावांचा एक छोटा कायदा आहे. आम्लाच्या नावात शेवटी 'इक' असेल तर क्षाराच्या शेवटी 'एट' येतं. सल्फ्युरिकचं सल्फेट, नायट्रिकचं नायट्रेट, सायट्रिकचं सायट्रेट, अ‍ॅसेटिकचं अ‍ॅसेटेट. 'अस' असेल तर 'आइट'. सल्फ्युरसचं सल्फाइट, नायट्रसचं नायट्राइट. आणि हायड्रोक्लोरिकसारखं, ज्यात ऑक्सिजनच नाही, त्याचं 'आइड'. नायट्रेट आणि नायट्राइट ही भावंडं ऐकायला सारखी, स्वभावाने नाहीत, म्हणून त्या एका अक्षराकडे नीट बघायचं.

आता किती आणि किती. इथे मुलं गडबडतात, कारण त्यांना सूत्रं पाठ करायला लावतात. पाठ करायची गरज नाही. दोघांमधून पाणी काढून घ्यायचं, उरेल तो क्षार. पाण्याला आम्लाकडून एक हायड्रोजन लागतो आणि आम्लारीकडून एक हायड्रॉक्साइड. हायड्रोक्लोरिक आम्लाकडे द्यायला एक हायड्रोजन आहे, सोडियम हायड्रॉक्साइडकडे एक हायड्रॉक्साइड, हिशेब एकास एक मिटला. सल्फ्युरिक आम्लाकडे दोन हायड्रोजन आहेत. मग सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू बोलवावे लागतात, आणि क्षारात सोडियम दोन येतात. उलट चुन्याच्या निवळीत, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये, हायड्रॉक्साइड दोन असतात. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू, आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोरीन दोन. लिंबातल्या सायट्रिक आम्लाकडे तीन. देणं-घेणं संपलं की सूत्र आपोआप उभं राहतं.

आणि देणं अर्धवट राहिलं तर? सल्फ्युरिक आम्लाला एकच सोडियम हायड्रॉक्साइड मिळालं, तर एक हायड्रोजन तसाच मागे राहतो आणि सोडियम हायड्रोजन सल्फेट तयार होतं. खायचा सोडा हा असाच, कार्बोनिक आम्लाचा अर्धवट भागवलेला क्षार. सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. लोक त्याला बायकार्बोनेट म्हणतात. त्यात एक हायड्रोजन शिल्लक आहे, तरी तो स्वभावाने आम्लारीसारखा वागतो, कारण लग्नात जोर सोडियमच्या बाजूचा. बलवान आम्लारी आणि दुबळं आम्ल असेल तर क्षार आम्लारीकडे झुकतो. उलट असेल तर आम्लाकडे, नवसागर तसा आहे. दोन्ही बाजू तोडीस तोड असतील तर मिठासारखा मध्यावर. 'उदासिनीकरण' या शब्दामुळे सगळे क्षार उदासीनच असतील असं वाटतं, तसं नाही.

कागदावरचं झालं. दुसऱ्या दिवशी मी तिला नाक्यावरच्या पानवाल्याकडून रुपयाचा चुना आणायला सांगितला. लखनौत हे सगळ्यात सोपं. चुना पाण्यात कालवला, वर निवळी आली, तिच्यात हळदीचा कपडा बुडवला, लाल झाला. मग थेंबाथेंबाने पांढरा व्हिनेगर. कपडा पुन्हा पिवळा झाल्यावर थांबलो. आता त्या वाटीत काय आहे? तिने मनात पाणी काढून घेतलं आणि म्हणाली, कॅल्शियम अ‍ॅसेटेट. बरोबर. फेस आला नाही हेही तिने पाहिलं. सोडा वापरला असता तर फेस आला असता, कारण सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. जुना, उघडा पडलेला चुना असेल तरीही थोडा फेस येतो, कारण हवेतल्या त्याच वायूने त्याचा कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो.

इथे जरा थांबून एक सांगते, कारण आमच्या भागात हे सारखं घडतं. पानाचा चुना लहान मुलांच्या हाती देऊ नका, विशेषतः दाबायच्या पुडीतला. पुडी फुटून चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. आणि तसं झालंच, तर धड्यातलं डोकं चालवून वर लिंबू किंवा व्हिनेगर टाकू नका. उदासिनीकरणात उष्णता निघते, ती डोळ्यात नको. नुसतं स्वच्छ पाणी, भरपूर, वीस मिनिटं तरी, आणि लगेच दवाखाना. अंगावर अ‍ॅसिड सांडलं तरी तेच, सोडा चोळायचा नाही. आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि कपड्यांचं ब्लीच कधी एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तिथे क्षाराचं नाव शोधत बसायला वेळ मिळत नाही.

वाटीतलं पाणी आम्ही मंद आचेवर आटवलं. तळाशी पांढरी पूड. शेजारी दुसऱ्या वाटीत सोडा आणि व्हिनेगरची आटवलेली पूड, तीही पांढरी. मुलगी म्हणाली, दोन्ही सारखेच दिसतात. खरं आहे. बहुतेक क्षार पांढरेच. डोळ्यांनी ओळखता येत नाहीत आणि चाखून तर बघायचेच नाहीत. बारावीच्या प्रयोगशाळेत म्हणूनच एक-एक आयन वेगळा पकडतात. ज्योतीत धरून नाव ओळखायचं: सोडियम पिवळा, पोटॅशियम फिका जांभळा, कॅल्शियम विटकरी, तांबं हिरवं. आडनावासाठी द्रावणं. सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा पांढरा साका पडला तर क्लोराइड, बेरियम क्लोराइडने आम्लात न विरघळणारा पांढरा साका पडला तर सल्फेट. आम्ही चमच्याच्या टोकावर चार दाणे घेऊन गॅसवर धरले. सोडियमचा पिवळा तर डोळे दिपवणारा. कॅल्शियमचा विटकरी क्षणभर दिसला आणि पिवळ्यात बुडाला, कारण घरच्या चमच्याला मीठ कुठे ना कुठे लागलेलं असतंच.

हे सगळं चाललेलं असताना आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, पलीकडे खाटेवर बसून पेपर वाचत होते. रेल्वेतून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. रक्तदाब आहे, साखर आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून घरात लोणचं बंद, पापड बंद, कोशिंबिरीत मीठ नाही. बाबा कुरकुरतात पण ऐकतात. फक्त रात्री जेवल्यावर एक फेसाळणारी पुडी पाण्यात टाकून पितात. पोट हलकं वाटतं म्हणतात. गेली कित्येक वर्षं.

सोड्याचा फेस बघून मुलगी म्हणाली, दादाजी पीते हैं वही ना? आणि मी पहिल्यांदा त्या पुडीची मागची बाजू वाचली. वाचल्यावर दोन मिनिटं गप्पच बसले.

पुडीत खायचा सोडा आणि लिंबाचं आम्ल कोरडं मिसळलेलं असतं. पाणी पडलं की दोघं भेटतात, कार्बन डायऑक्साइड फसफसून निघून जातो, आणि पेल्यात उरतो सोडियम सायट्रेट. पोटात गेल्यावर उरलासुरला सोडा जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाला भेटतो. तिथे काय तयार होतं ते आता तुम्हीच सांगू शकाल. नाव सोडियम, आडनाव क्लोराइड. मीठ! ताटातून काढलेलं मीठ आम्ही रोज रात्री पोटात तयार करत होतो.

किती, तेही मोजलं. पुडीवर सोड्याचं वजन २.३ ग्रॅमच्या आसपास होतं. सोड्याच्या ८४ भागांत सोडियम २३ भाग. म्हणजे एका पुडीत साधारण ६३० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, मिठाच्या भाषेत ५ ग्रॅम, एक चहाचा चमचा. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका पेल्यात. आणि तो खारट लागत नाही, ही खरी गोम. जीभ ओळखते ती मुख्यतः सोडियम क्लोराइडला. सायट्रेटबरोबर गेलेला सोडियम जिभेला फसवतो, रक्तदाबाला फसवत नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, "म्हणजे लोणच्याची फोड खाल्ली असती तर कमी पडलं असतं?" एका फोडीपुरतं त्यांचं खरंच होतं. मला उत्तर देता आलं नाही.

पुडी वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला रक्तदाब नाही त्याने महिन्यातून एकदा घेतली तर काय बिघडतं. आणि हाच सोडियम सायट्रेट जुलाब झालेल्या बाळाचा जीव वाचवतो. जलसंजीवनीच्या पाकिटात साखर (ग्लुकोज), मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम सायट्रेट असतं. तिथे शरीरातून सोडियम वाहून गेलेला असतो, तो भरायचाच असतो. एकच क्षार, घर बदललं की अर्थ बदलतो. बाबांच्या डॉक्टरांनी त्यांना दुसरं औषध लिहून दिलं, मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचं. पोटात त्यांचे क्लोराइड होतात. मॅग्नेशियमचा पोट सैल करतो, अ‍ॅल्युमिनियमचा आवळतो, म्हणून दोघांना एकाच बाटलीत कोंबतात. पण तेही ज्याचं मूत्रपिंड कमजोर आहे त्याने मनाने घ्यायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

पुडीचं निभावलं. खरा दचका औषधांच्या दुकानात बसला.

लखनौत औषधांच्या दुकानात एक शब्द फार चालतो, आणि आता पुण्यामुंबईतही ऐकू येतो: सॉल्ट. तुमच्या कंपनीची गोळी नसली की माणूस दुसरी पट्टी पुढे करतो आणि म्हणतो, "भाभी जी, सॉल्ट वही है." त्याच्या तोंडी सॉल्ट म्हणजे मूळ औषध. आणि बहुतेक वेळा तो खरं बोलतो, दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी तेवढंच काम करते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रसायनशास्त्राच्या भाषेत सॉल्ट म्हणजे क्षार, आणि क्षाराला आडनाव असतं.

बरीच औषधं मुळात आम्लारी असतात, पाण्यात नीट न विरघळणारी. कारखान्यात त्यांना एखाद्या आम्लाशी जोडून क्षार करतात, म्हणजे गोळी टिकते, विरघळते, मापात राहते. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, सेटिरिझिन हायड्रोक्लोराइड, अ‍ॅम्लोडिपिन बेसिलेट. काही औषधं स्वतःच आम्ल असतात, तिथे उलटं, धातू जोडतात. डायक्लोफिनॅक सोडियम, डायक्लोफिनॅक पोटॅशियम. दुखणं तेच, औषध तेच, पण पोटॅशियमवालं लवकर विरघळून लवकर काम सुरू करतं. नवीन औषध शोधताना कोणतं आम्ल जोडायचं हा संशोधनाचा एक पूर्ण टप्पाच असतो. आमच्या शहरातली केंद्रीय औषधी अनुसंधान संस्था १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये सुरू झाली, नवाबांच्या महालात. आता ती जानकीपुरमला नव्या इमारतीत आहे. पण महालातल्या त्या खोल्यांत कधी काळी परीक्षानळ्या होत्या या कल्पनेनेच मला अजून मजा वाटते.

तर बाबांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल सक्सिनेट चालू आहे, सकाळी एक. त्या दिवशी दुकानात ती नव्हती. दुसरी पट्टी मिळाली, ५० मिलिग्रॅम, "सॉल्ट वही है." एरवी मी घेऊन आले असते. पण डोक्यात दोन दिवस नाव-आडनावच घोळत होतं, म्हणून पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट.

सक्सिनिक आम्लाचा क्षार सक्सिनेट, टार्टारिकचा टार्ट्रेट. टार्टारिक म्हणजे चिंचेतलं आम्ल. औषध दोन्हींत एकच. पण सक्सिनेटची गोळी चोवीस तास हळूहळू औषध सोडणारी बनवतात, दिवसाला एक पुरते. टार्ट्रेटची साधी गोळी लवकर सुटते, ती सहसा दिवसातून दोनदा द्यावी लागते. बाबांनी सकाळी एक टार्ट्रेट घेतली असती तर दुपारपर्यंत जोर आणि रात्री काही नाही, असं झालं असतं. दुकानदाराला मी विचारलं तर त्याने मोकळेपणाने पट्टी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, हो, ही वेगळी आहे. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले परत करा, आणि दुसऱ्या दुकानातून सक्सिनेट मिळाली.

तिच्या पट्टीवर अजून एक गंमत छापलेली होती. सक्सिनेट ४७.५ मिलिग्रॅम, म्हणजे टार्ट्रेट ५० मिलिग्रॅमच्या बरोबरीचं. मुलीला दाखवलं. ती म्हणाली, आडनावाचं वजन वेगळं. अगदी बरोबर. मूळ औषधाचे रेणू तितकेच, पण टार्टारिक आम्ल सक्सिनिकपेक्षा जड, म्हणून तेवढंच औषध पोचवायला टार्ट्रेटची पूड थोडी जास्त लागते. तराजूवरचे ते अडीच मिलिग्रॅम औषधाचे नाहीतच, आम्लाचे आहेत.

एक गोष्ट राहिली, तीही इथलीच आहे म्हणून सांगते. निशातगंजला लागून पेपर मिल कॉलनी आहे. रिक्षावाले अजून 'पेपर मिल' एवढंच म्हणतात. लखनौत एकोणिसाव्या शतकात कागदाची मोठी गिरणी निघाली होती, तिचं नाव वस्तीला चिकटून राहिलंय. त्या काळापासून पुढे गिरण्यांमध्ये कागदावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटीच्या जातीचं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट वापरत. ते हवेतल्या ओलीबरोबर हळूहळू आम्ल सोडतं आणि कागद आतून जळाल्यासारखा पिवळा, ठिसूळ होतो. बाबांकडे त्यांच्या वडिलांची पत्रं आहेत, नागपूरहून आलेली, हात लावला की कोपरे गळतात.

अलीगंजला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे, १९७६ पासूनची. जुन्या वस्तू कशा टिकवाव्यात हाच तिचा अभ्यास. अशा कागदांतलं आम्ल मारण्याची जगभर चालणारी एक रीत म्हणजे चुन्याची निवळी किंवा कॅल्शियम बायकार्बोनेटचं पाणी. सल्फ्युरिक आम्लाला कॅल्शियम भेटतो आणि कागदाच्या तंतूंत कॅल्शियम सल्फेट तयार होतो, म्हणजे जिप्सम, शांत, फारसं न विरघळणारं. उरलेल्या चुन्याचा हवेने कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि तो पुढच्या वर्षांत येणाऱ्या आम्लासाठी पहारा देत बसतो. सोडियम हायड्रॉक्साइडनेही आम्ल मेलं असतं, पण ती तीव्र आम्लारी कागदालाच खाते. म्हणजे आम्ल कुणाच्या हातून मारायचं आणि मागे कोणता क्षार ठेवायचा, हे आधी ठरवून आम्लारी निवडतात. घरी मात्र हे करून बघू नका, जुनी शाई पाण्यात वाहून जाते. आम्ही ती पत्रं फक्त कोरड्या जागी, पत्र्याच्या पेटीत हलवली आहेत. पुढचं तज्ज्ञांना विचारून.

मुलीच्या वहीत आता एक पान आहे, मधोमध रेघ मारलेलं. डावीकडे 'आंटी की भाषा', उजवीकडे 'किताब की भाषा'. आम्लारी, क्षारक. क्षार, लवण. उदासिनीकरण मात्र दोन्हीकडे जवळजवळ एकच, फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. तिन्ही प्रश्न तिने पुन्हा सोडवले आणि वर्गात मास्तरांना नेऊन दाखवले. मार्क वाढले नाहीत. ते वाढणारही नव्हते.

काल संध्याकाळी ती आली तेव्हा बाबा खाटेवर भिंग घेऊन बसले होते. समोर त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या. साखरेची पट्टी उचलून त्यांनी अक्षरं लावत वाचली, "मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे हिचं आडनाव मिठाचंच की."

मुलीने वहीतून मान वर केली नाही. "नमक का नहीं, दादाजी. अम्ल का."